घोटीव कागदावर कोळसा

अनसूयाबाईंच्या उजव्या हाताचा अंगठा मी कधी स्वच्छ पाहिला नाही. राखेनं घासला, शिकेकाईनं धुतला, तरी नखाच्या कडेला काळी रेघ राहायचीच. जाफराबादच्या मुलींच्या शाळेत त्या चित्रकला आणि शिवण शिकवायच्या, मी हिशेब शिकवायची. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी एकाच ओट्यावर भाकरी सोडायचो. त्या घास डाव्या हातानं मोडत. बाकीच्या बायकांना ते बघवत नसे. कुणी बोललंच तर म्हणायच्या, "उजवा हात कामाचा हाय. त्याला तेलकट करून कसं चालंल?" आणि जेवत राहायच्या.

स्वभावानं त्या गोड नव्हत्या. मुलींना शाबासकी द्यायची म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. एखाद्या पोरीनं मन लावून मोर काढला तर पाटी लांब धरून बघायच्या आणि विचारायच्या, "मोर बघितलास का कधी?" पोरगी गप्प झाली की पाटी परत. "मंग हा कुणाचा मोर काढलास? घरी जा. आपल्या दाराची कडी काढून आण." पोरी रडायच्या. पण दुसऱ्या दिवशी कडी काढून आणायच्या, आणि ती कडी खरंच त्या दाराची वाटायची.

हैदराबादेत त्यांचे यजमान छापखान्यात छपाईच्या दगडावर चित्रं उतरवायचे. ते गेले तेव्हा बाई तिशीच्या आतच होत्या. पोटापाण्यासाठी त्याच छापखान्यात त्या दगड घासायला लागल्या, घासता घासता दगडावर काढायला शिकल्या. मुंबईहून शिकून आलेले एक मास्तर तिथं संध्याकाळी जिवंत माणसं समोर बसवून चित्रं काढायला शिकवायचे. त्यांच्याकडे त्या मागच्या बाकावर बसल्या. एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं, तेही तुकड्यातुकड्यानं.

काढायच्या त्या कोळशानं. तो विकतचा नसे. चिंचेच्या बोटाएवढ्या सरळ काड्या त्या सुरीनं सोलायच्या, मडक्यात वाळू घालून त्यात उभ्या रोवायच्या, झाकण ठेवून कडा चिखलानं लिंपायच्या आणि शाळेच्या मागं गोवऱ्यांच्या आचेत ते मडकं पुरायच्या. फटीतून हवा शिरली तर काड्यांची राख व्हायची. नाही शिरली तर आतून काळ्या, हलक्या, टिचकी मारली तर काचेसारख्या वाजणाऱ्या काड्या निघायच्या. चूक खोडायला त्या मळलेल्या कणकेचा गोळा ठेवत. तो कागदावर घासायचा नाही, नुसता टेकवून उचलायचा. जिथं टेकवला तिथं काळ्यातून उजेड यायचा.

कागदाच्या बाबतीत तर त्या फारच काटेकोर होत्या. दौलताबादेकडून हातकागद यायचा, तो दोन तऱ्हेचा. लिहिणाऱ्यांसाठीचा दगडानं घोटून गुळगुळीत केलेला, त्यावर बोरू सरसर चालायचा. बाईंना तो नको असे. त्या न घोटलेला, खरखरीत कागद मागवायच्या. मला त्यावर बोट फिरवायला लावून म्हणाल्या होत्या, "ह्या खाचांत कोळसा रुतून बसतो. घोटलेल्यावर नुसता वरवर राहतो, पावडर लावल्यासारखा." खरखरीत कागदावरही चित्र झालं की बाभळीच्या डिंकाचं पातळ पाणी त्या नळीनं फुंकून उडवायच्या. ते वाळलं की चित्र पक्कं. नाहीतर पदर लागला तरी चेहरा गेला.

गावाला त्यांची चित्रं पटत नसत. पाटलीणबाईंनी हौसेनं स्वतःचं चित्र काढून घेतलं. त्या ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. अनसूयाबाई बराच वेळ हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत राहिल्या. मग मानेपासून सुरुवात केली, कानामागची सावली भरली, डोळे सगळ्यात शेवटी. "डोळे आधी काढले की चेहरा त्यांच्या मागं फरफटत येतो," म्हणायच्या. चित्र पुढ्यात आलं तेव्हा पाटलीणबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "बाई, हा गाल कुठं गेला? अर्धंच काढून दिलं का?" डाव्या गालाच्या जागी खरंच एकही रेघ नव्हती, नुसता कोरा कागद. अनसूयाबाईंनी चित्र त्यांच्या हातातून काढून घेतलं, गुंडाळलं आणि उठल्या. त्यानंतर गावात त्यांना कुणी चित्र मागितलं नाही.

सत्तेचाळीसचा पावसाळा सरला आणि आमच्याकडे दिवस बदलले. काही कोसांवर वऱ्हाडाची हद्द. तिकडे स्वराज्य आलं होतं, इकडे निजामाचं राज्य तसंच होतं. आमच्याकडची तरुण पोरं हद्द ओलांडून तिकडच्या छावण्यांत जात आणि परत येऊन नाके जाळत. त्याच्या बदल्यात इकडे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक खेडी धुंडाळत. दिवेलागणीच्या आत दारं लागायची. शाळेत निम्म्या पोरी येईनाशा झाल्या.

अशात एके सकाळी एक शिपाई शाळेच्या मागं आला आणि गोवऱ्यांतलं लिंपलेलं मडकं बघून जागीच थबकला. बंदूक काढून लांबूनच ओरडला, "क्या गाडा है इधर? बारूद?"

"कोळसा हाय," बाई म्हणाल्या.

"खोलो."

"आता उघडलं तर राख होईल. थंड होऊ द्या."

तो हटेना, बाई उघडेनात. आम्ही बाकीच्या भिंतीला चिकटून उभ्या. शेवटी शिपाई मडक्यापासून दूर चिंचेखाली बसला, बंदूक मांडीवर घेऊन. बाईंनी जुनी काडी आणि कागद आणला आणि मडकं निवेपर्यंत त्याचं चित्र काढलं. मडक्यातून कोळसाच निघाला. पण शिपायानं पुरावा म्हणून दोन काड्या आणि स्वतःचं चित्र ठाण्यावर नेलं, आणि दुसऱ्या दिवशी खुद्द अमीनसाहेब शाळेत आले. अमीन म्हणजे आताच्या भाषेत फौजदार. अंगानं किरकोळ, पन्नाशीकडे झुकलेले, बोलणं अगदी हळू. त्यांनी आणखी चित्रं पाहायला मागितली. बाईंनी हाताला आलं ते पुढं केलं, तर ते पाटलीणबाईंचंच निघालं.

अमीनसाहेब ते घेऊन खिडकीशी गेले. चित्र उजेडात तिरकं धरलं. मग म्हणाले, "धूप इधर से आ रही थी. गाल पे इतनी धूप थी कि लकीर की जगह ही नहीं बची."

अनसूयाबाईंच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. त्या एकदम पोरीसारख्या दिसल्या. उठल्या, कपाटातला सगळा बस्ता काढून आणला आणि चटईवर पसरला. इतक्या वर्षांत माझ्यापुढंही त्यांनी तो असा सोडला नव्हता. अमीनसाहेब मांडी घालून बसले. एकेक कागद उचलायचे, पाठीमागून बोट फिरवायचे, कुठं कणकेनं उजेड काढलाय ते दाखवायचे. डिंकाचं पाणी कसं फुंकतात ते त्यांनी विचारून घेतलं. त्यांचे एक चुलते हैदराबादेत पुस्तकांची सजावट करायचे, त्यांच्याकडे लहानपणी कागद घोटल्याचं ते सांगत होते.

त्यानंतर ते अधूनमधून येऊ लागले. बाई वाट बघायच्या, हे मला कळत होतं. आणि त्यांना स्वतःचा रागही येत होता, कारण त्याच ठाण्यात माणसं आणून बडवली जात होती. अमीनसाहेब स्वतः हात उगारत नाहीत, असं लोक म्हणत. पण ओरडणं त्यांच्या कचेरीपर्यंत पोचत असणारच. एकदा ते बाईंना माझं चित्र काढा म्हणाले. बाई साफ नाही म्हणाल्या. मागाहून मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "ज्याला काढते त्याच्यावर मला राग धरता येत न्हाई. ह्याच्यावर धरायचा हाय."

आमच्या शाळेची आया सरूबाई घरोघर फिरून मुलींना गोळा करून आणायची. तिचा एकुलता एक नामदेव मोठा उमदा मुलगा होता. आईला घ्यायला रोज यायचा, जाताना बाईंची पाण्याची घागर भरून द्यायचा. उन्हाळ्यात तो हद्दीपार गेला. पुढं नाका जळाला त्यात तो होता, एवढं ठाण्याला कळलं. पण त्याचा फोटो कुठंच नव्हता, आणि हद्दीवरच्या शिपायांपैकी कुणी त्याला ओळखत नव्हतं.

पावसाळा नुकता लागला होता. भर दुपारी अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन आले. नेहमीसारखे चटईवर बसले नाहीत. सरूबाईला बोलावून घेतलं आणि खिडकीच्या उजेडात उभं केलं. मग अनसूयाबाईंना म्हणाले, "नामदेव को आपने रोज़ देखा है. बनाइए."

चित्र जालन्याला जाणार होतं, तिथं छापून नाक्यानाक्यावर लागणार होतं, हे त्यांनी लपवलं नाही. आणि सरूबाईला कशाला उभं केलंय, हेही सांगितलं. "मैं तस्वीर नहीं देखूँगा. माँ को देखूँगा. चेहरा ग़लत हुआ तो इसके चेहरे पे दिख जाएगा."

सरूबाईनं बाईंकडे पाहिलं.

मी मनात म्हणत होते, बाई भलताच कुणाचा तरी चेहरा काढतील. पण ते होणार नव्हतं. एक तर आईचे डोळे समोर होते. आणि नंतर बाई मला म्हणाल्या ते दुसरं: "मनानं काढला तरी चेहरा कुणाचा तरी निघतोच. मंग त्या पोराला धरलं असतं."

त्यांनी मला कागद आणायला सांगितलं. मी नेहमीचा खरखरीत घेऊन आले.

"तो न्हाई," त्या म्हणाल्या. "तो सर्दावलाय. वरच्या फळीवरचा घोटीव आण."

मला वाटलं, भीतीनं त्यांना सुचत नाही. मी घोटीव कागद आणून दिला. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या, नेहमीसारख्याच. शिपायांनी चुळबुळ केली तरी हलल्या नाहीत. मग मानेपासून सुरुवात केली. गुळगुळीत कागदावर काडी निसटत होती. त्या दाबत नव्हत्या, वरच्या वर सोडत होत्या. कान आला, घागर उचलून रुंदावलेला खांदा आला, हसताना एका बाजूला ओढला जाणारा ओठ आला. मी पुष्कळ चित्रं पाहिली होती त्यांची, असं एकही नव्हतं. डोळे शेवटी आले, आणि कागदातून नामदेव आईकडे बघायला लागला.

सरूबाई मटकन खाली बसली. तिनं पदर तोंडात कोंबला, पण आवाज निघालाच. अमीनसाहेबांना दुसरं काही बघायची गरज उरली नाही.

सावरल्यावर ती बाईंना म्हणाली, "त्यानं पाणी भरलं तुमचं." एवढंच.

बाईंनी मान वर केली नाही.

अमीनसाहेब चित्रापाशी आले. वाकून पाहत राहिले. मग विचारलं, "पक्का नहीं करेंगी? गोंद का पानी?"

"डिंक संपलाय. आणि असल्या हवेत आज वाळणार न्हाई."

त्यांनी कागदाचा कोपरा चिमटीत धरून चोळला. अंगठा काळा झाला. त्या अंगठ्याकडे त्यांनी पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. शिपाई दारात उभे होते, त्यांना यातलं काही दिसत नव्हतं.

"काग़ज़ अच्छा है," अमीनसाहेब म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातानं चित्राची बाजू आत घेऊन कागद घट्ट गुंडाळला, सुतळी बांधली आणि शिपायाच्या हवाली केलं. घोडेस्वार ते खोगिराच्या पिशवीत टाकून जालन्याला गेला. मागाहून आम्हाला कळलं, जालन्यात वरिष्ठांच्या टेबलावर गुंडाळी उलगडली तेव्हा कागदावर राखाडी फरकाटा होता. त्यात नाक नव्हतं की डोळे.

दुसऱ्यांदा चित्र काढून घ्यायला अमीनसाहेब आले नाहीत. त्यांना जालन्याला बोलावून घेतलं आणि ठाण्यावर दुसरा माणूस आला. त्यानं दौतच आणली सोबत. "कोयला नहीं. स्याही से बनाओ."

"न्हाई," बाई म्हणाल्या.

"क्या नहीं?"

"काढणार न्हाई."

त्यांनी कारण दिलं नाही, रडल्या नाहीत. त्या दिवशी त्यांना चावडीपुढं उन्हात उभं केलं. शाळेतलं कपाट फोडलं, मडकी फोडली, चित्रांचा बस्ता पटांगणात आणून पेटवला. डिंकाचं पाणी दिलेले कागद लवकर पेटले. पाटलीणबाईंचं चित्र त्यातच गेलं. नोकरीही गेली. माझे यजमान त्यांना आमच्या घरी घेऊन आले तेव्हा त्यांचे ओठ फुटले होते. पाणी प्यायल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "जुन्या अमीनाला कळलं होतं. कागद हातात घेऊन कळणार न्हाई असा माणूस न्हाई तो."

यजमान म्हणाले, "कळलं असतं तर सोडलं नसतं त्यानं."

"सोडलं," बाई म्हणाल्या.

आमच्या घरात हा वाद पुढं कितीदा झाला. यजमानांचं म्हणणं, घाईत निसटलं त्याच्या हातून. मी तो काळा अंगठा पाहिला होता, त्यामुळं मी बाईंच्या बाजूची.

सरूबाई मात्र बाईंशी बोलेना. रस्त्यात दिसल्या तर वळून दुसऱ्या बोळात शिरायची. चित्र पुसल्याचं तिला ठाऊक नव्हतं. रोज कोणत्या तरी नाक्यावर आपल्या पोराचा चेहरा लागला असेल, या धाकात ती जगत होती. मी तिला सांगायला निघाले तर बाईंनी माझा हात धरला. "तो येईस्तोवर न्हाई. नव्या अमीनानं एकदा तिला बोलावलं न् तिच्या तोंडावर निवांतपणा दिसला, तर मंग तिला सोडतील का?" सगळा पावसाळा त्यांनी तिचा राग अंगावर घेतला.

सप्टेंबरात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि काही दिवसांत सगळं उलटं झालं. नामदेव परत आला, दाढी वाढलेला, निम्मा झालेला. मी सरूबाईला सगळं सांगितलं. ती त्याला घेऊन आमच्या दारात आली. आत आली नाही, उंबऱ्यापाशीच उभी राहिली.

"मला सांगायचं होतं तुम्ही," ती बाईंना म्हणाली.

"सांगितलं असतं तर अमीनाला तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

"म्हणून माझ्या तोंडावर मरण बघितलं तुम्ही."

"व्हय," अनसूयाबाई म्हणाल्या. "बघितलं."

सरूबाई नामदेवला म्हणाली, पाया पड. तो पडला. ती स्वतः पडली नाही, आणि बाईंनीही तशी अपेक्षा धरली नसावी. पुढं दोघी बोलायच्या, पण कामापुरतं.

नोकरी परत मिळण्यासारखी होती. बाईंनी अर्जच केला नाही. दिवाळीच्या आसपास एक दिवस ट्रंक बांधली आणि जालन्याला जाते म्हणाल्या. तिथं कोण आहे, विचारलं तर उत्तर दिलं नाही.

थंडीत मला माहेरी जायचं होतं म्हणून मी जालन्याला गाडी धरायला गेले. टांगा तुरुंगावरून चालला होता. जुन्या अमलातल्या पुष्कळ अंमलदारांना तेव्हा तिथं ठेवलं होतं. फाटकाबाहेर भेटीला आलेल्यांची ओळ होती, बहुतेक बुरख्यातल्या बायका, कडेवर पोरं. त्या ओळीत पांढऱ्या लुगड्यात अनसूयाबाई उभ्या होत्या. हातात पितळी डबा.

मी टांगा थांबवून उतरले. "बाई, इथं कशा?"

"त्याची माणसं हैदराबादेत. इथं कुणी न्हाई."

"त्याच्या ठाण्यात माणसं मारलीत, बाई."

"मारलीत. मला काय माहीत न्हाई?" त्या म्हणाल्या. "जेवण घेऊन आल्ते."

ओळ सरकली. फाटकावर नवा शिपाई होता, मराठी बोलणारा, हातात पाटी आणि खडू. बाईंचा नंबर आला तेव्हा त्यानं कैद्याचं नाव विचारलं. बाईंनी अमीनसाहेबांचं सांगितलं.

"तुमचं काय नातं?"

बाई विचारात पडल्या. मागच्या बायका पुढं रेटत होत्या.

"नातं सांगा, मावशी. नात्याशिवाय भेट न्हाई."

"त्यानं माझी चित्रं बघितलीत," अनसूयाबाई म्हणाल्या.

शिपायानं खडू तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय लिहू मी?" असं म्हणून त्यानं मागच्या बाईला पुढं यायची खूण केली. टांगेवाला गाडी चुकेल म्हणून हाका मारत होता. मी बाईंचा दंड धरला, चला म्हटलं. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला.

टांगा वळणावर आला तेव्हा मी मागं पाहिलं. त्या परत ओळीच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या होत्या.